पी०१०७, पी०१२२, पी०५३२: पाच व्होल्टच्या तारेचा माग

२ नोव्हेंबर

गाडी मावसभावाची. पेट्रोल, चार सिलिंडर, थ्रॉटल केबलवर चालणारा. एअर फ्लो मीटर नाही; हवेचा हिशेब मॅप सेन्सरवरून, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधल्या दाबावरून होतो. ही शेवटची गोष्ट आधीच लिहून ठेवतो, पुढे तिच्यावरच बरंच अवलंबून आहे.

तक्रार अशी: गाडी गरम झाली की अधूनमधून पिकअप एकदम मरतो, झटके मारते, चेक इंजिनची लाइट लागते. बंद करून थोड्या वेळाने चालू केली की ठणठणीत. एका गॅरेजमध्ये मॅप सेन्सर बदलून झाला आहे, तरी दुखणं जसंच्या तसं. काढलेला जुना सेन्सर भावाने मागून घेतला होता, तो डिकीत डब्यात आहे. बदललेला पार्ट कितीही निकामी वाटला तरी असाच मागून घ्यावा.

स्कॅनर लावला. साठलेले कोड तीन. पी०१०७, मॅप सेन्सर सर्किट, सिग्नल कमी. पी०१२२, थ्रॉटल पोझिशन सेन्सर सर्किट, सिग्नल कमी. पी०५३२, एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर, सर्किट, सिग्नल कमी.

काहीही क्लिअर केलं नाही. आधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणीचे साठवलेले आकडे, लिहून घेतली: कूलंट ९४ अंश, २,१५० आरपीएम, वेग ताशी ४१ किमी. क्लिअरचं बटण दाबलं की फ्रीझ फ्रेम पुसली जाते, इसीएमने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) शिकलेले फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या मात्रेतली टक्केवारीची दुरुस्ती, शून्यावर येतात आणि रेडिनेस मॉनिटर, म्हणजे इसीएमच्या स्वतःच्या तपासण्या, सगळे अपूर्ण दिसायला लागतात. म्हणजे दुखणं तिथंच राहतं, पुरावा तेवढा जातो.

तिन्ही कोडांचं शब्द न् शब्द वाचन केलं तर ‘सर्किट’ आणि ‘सिग्नल कमी’ एवढंच हाती लागतं. सेन्सर खराब आहे असं यातला एकही कोड म्हणत नाही. इसीएमच्या पिनवर जेवढे व्होल्ट यायला हवेत तेवढे येत नाहीत, इतकंच त्याला कळतं. वेगवेगळ्या जागी बसलेले तीन सेन्सर एका वेळी मरणं मला पटत नाही. तिघांमध्ये सामाईक काय आहे ते शोधायचं ठरवलं.

बॅटरी: गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४ च्या खाली नाही, चालू इंजिनवर १४.१. टर्मिनल स्वच्छ. बॅटरीचा विषय संपला. सेन्सरच्या दुखण्यात हे आधी बघून घ्यावं, कमजोर बॅटरी सेल्फच्या क्षणी वाटेल ते कोड टाकू शकते.

३ नोव्हेंबर

वायरिंग डायग्रॅम मिळवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. मॉडेल तेच, पण वर्ष वेगळं असलेला डायग्रॅम आधी हाती आला. त्यातले तारांचे रंग जुळेनात. रंग आणि पिन नंबर गाडीशी ताडून पाहिल्याशिवाय मल्टिमीटर लावायचा नाही.

डायग्रॅमने काम सोपं केलं. तिन्ही सेन्सर तीन-तारी: एक पाच व्होल्टचा पुरवठा, एक सेन्सरची अर्थ, एक सिग्नल. पाच व्होल्टची तार इसीएमच्या एकाच पिनवरून निघते आणि हार्नेसमध्ये (तारांच्या जुडग्यात) फुटून तिघांकडे जाते. एका टाकीवरचे तीन नळ. मुख्य पाइप फुटला तर तिन्ही कोरडे. कूलंट टेंपरेचर सेन्सर मात्र दोन-तारी, त्याचा पुरवठा वेगळा, आणि त्याचा कोड आलेला नाही. जुळतंय.

चावी ऑन, इंजिन बंद, मॅपचा कपलर काढून पाच व्होल्टची पिन आणि सेन्सर अर्थ यांच्यामध्ये मोजलं: ४.९८. थ्रॉटल सेन्सरवर ४.९८. एसीच्या सेन्सरवरही तेवढेच.

म्हणजे आत्ता दोष हजर नाही. हार्नेस जागोजागी हलवून पाहिला, कपलर ओढून पाहिले, आकडा ढळला नाही. गाडी थंड होती. थंड गाडीवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मल्टिमीटरबद्दल एक: डिजिटल वापरा, आतला रोध १० मेगाओहमचा असलेला. बल्बवाला टेस्ट लॅंप सेन्सरच्या तारांना लावू नका, तो नको तेवढा करंट ओढतो.

८ नोव्हेंबर

आज दोष चालत्या गाडीत पकडायचा होता. भाऊ स्टिअरिंगवर, मी शेजारी फोन घेऊन. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हा नियम पाळाच.

ब्लूटूथ अडॅप्टर साधा आहे. सुरुवातीला सगळी पॅरामीटर निवडून रेकॉर्डिंग लावलं आणि फेरी फुकट गेली. गाडीने दोनदा झटका दिला, पण आलेखात काही नाही. कारण अडॅप्टर एकेक पॅरामीटर विचारत फिरतो. यादी लांब असली की प्रत्येकाची पाळी फार उशिरा येते आणि मधली क्षणभराची घसरण निसटते. यादी चारवर आणली: मॅप, थ्रॉटल, आरपीएम, कूलंट. हे करायचं असेल तर जेनेरिक (सगळ्या कंपन्यांना समान) मोडमध्येच करा. तिथे सेन्सरचं खरं वाचन दिसतं. कंपनीच्या स्वतःच्या डेटा लिस्टमध्ये कोड आल्यावर इसीएमने गृहीत धरलेला आकडा दिसण्याची शक्यता असते, आणि त्यावर विश्वास ठेवला तर शोध भलत्याच दिशेला जातो.

परतताना सिग्नलला थांबलो असताना मिळालं. कूलंट ९५, इंजिन अडखळलं, मॅप तळाला, थ्रॉटल शून्य टक्के, दोन्ही एकाच क्षणी. कूलंटची रेघ सरळ. त्याच वेळी एसीचा कंप्रेसर सुटल्याचा खट्ट आवाज आला आणि हवा कोमट व्हायला लागली. एसीच्या दाबाचं वाचन हा अडॅप्टर देत नाही, पण कंप्रेसर सुटला याचा अर्थ इसीएमला तो दाबही कमी दिसला. पिकअप जातो तेव्हा एसीही जातो का, हे भावाला आधीच विचारायला हवं होतं. विचारल्यावर म्हणाला, हो, पण दोन वेगळी दुखणी आहेत असं वाटलं म्हणून बोललो नाही.

घरी आल्यावर इंजिन बंद, चावी ऑन, बोनेट उघडलं. रेडिएटरचा फॅन फिरत होता. मॅपच्या कपलरवर मल्टिमीटर: ०.२८ व्होल्ट. फॅन थांबला: ४.९८. पुन्हा इंजिन गरम करून फॅन लावला: ०.२८.

फॅन चालू असताना करंट जास्त जातो म्हणून अर्थिंग कमजोर पडत असेल, अशी पहिली शंका आली. सेन्सर अर्थ आणि बॅटरी मायनस यांच्यामध्ये फॅन चालू असताना ९ मिलिव्होल्ट आले. १०० च्या आत चालतं, इथं दहाच्याही आत आहे. अर्थिंग सुटली. शिवाय अर्थ कमजोर असती तर सिग्नल वर गेले असते, खाली नाही.

मग फॅनचा कपलर काढून ठेवला, कारण गरम गाडीत फॅन चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो. लाकडी पट्टीने फॅनचं प्लास्टिकचं कव्हर हळूच एका बाजूला रेटलं. ०.२८. सोडलं, ४.९८. फॅन फिरत नसतानाही हेच होतंय, म्हणजे दोष फॅनच्या विजेत नाही, त्याच्या हादऱ्यात आहे. उष्णतेशी नातं एवढंच की गरम झाल्याशिवाय फॅन लागत नाही.

९ नोव्हेंबर

कव्हर लाकडी पाचर घालून रेटलेलंच ठेवलं, म्हणजे दोष एका जागी धरून राहील. आता एकेक सेन्सर सुटा करायचा आणि पाच व्होल्ट परत येतात का बघायचं. मॅप काढला, ०.२८. थ्रॉटल काढला, ०.२८. एसीच्या दाबाचा काढला, ०.२८.

इथे चुकणं सोपं आहे. तिन्ही सेन्सर काढूनही व्होल्टेज आलं नाही की बरेच जण इसीएमवर बोट ठेवतात, आणि इसीएम हा गाडीतला सगळ्यात महागड्या पार्टांपैकी एक. पण अजून तार उरलेली आहे. सेन्सर काढल्याने सेन्सर सुटतो, त्याच्याकडे जाणारी तार नाही.

चावी बंद. बॅटरीची मायनस काढली, थोडं थांबून इसीएमचा कपलर काढला. इसीएम जोडलेला ठेवून रोध मोजला तर त्याच्या आतल्या सर्किटमधून वाट मिळते आणि आकडा फसवा येतो, म्हणून तोही सुटा. आता पाच व्होल्टची तार दोन्ही टोकांना मोकळी. तिच्यापासून बॉडीपर्यंत रोध अनंत यायला हवा. आला ३ ओहम. पाचर काढली, मीटरवर ओपन. पाचर घातली, ३ ओहम.

इसीएम निर्दोष, तिन्ही सेन्सरही निदान या दुखण्यात निर्दोष.

एसीच्या सेन्सरकडे जाणारी फांदी फॅनच्या कव्हरच्या कडेने जाते. तिला धरणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती. हार्नेस लोंबून रेडिएटरच्या पत्र्याच्या ब्रॅकेटवर टेकला होता, आणि त्या ब्रॅकेटची कड धारदार आहे. वरचा नालीदार पाइप झिजून फाटलेला, आतल्या पाच व्होल्टच्या तारेचं आवरण एका बाजूने पूर्ण गेलेलं, तांबं उघडं. काही धागेही तुटलेले. समोरून बघताना काहीच दिसत नाही. झीज मागच्या अंगाला होती, आरसा आणि टॉर्च घातल्यावर दिसली. ३ तारखेला हलवताना ही फांदी माझ्या हाताला लागलीच नव्हती, कारण ती एअर फिल्टरच्या डब्याखालून जाते.

१० नोव्हेंबर

दुरुस्ती. नुसती टेप गुंडाळून भागणार नव्हतं, धागे तुटलेले होते. खराब तुकडा कापून तितक्याच जाडीची नवी तार घातली, ०.५ चौरस मिमी. जोड क्रिंप केले, सोल्डर नाही. सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यात नेमका त्याच्या कडेला तुटतो. वर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब, म्हणजे पाणी आत जाणार नाही. शेजारच्या दोन तारांचं आवरणही खरवडलेलं होतं, त्यांच्यावरही श्रिंक ट्यूब. नवा नालीदार पाइप, कापडी हार्नेस टेप, नवी क्लिप. ब्रॅकेटच्या कडेवर रबराची किनार बसवली आणि हार्नेस तिथून बोटभर लांब नेला.

खर्च एवढाच: थोडी तार, दोन क्रिंप, ट्यूब, टेप, क्लिप, किनार. गॅरेजमध्ये घातलेल्या नव्या मॅप सेन्सरच्या तुलनेत अगदी किरकोळ. वेळ मात्र भरपूर गेला, आणि त्यातला बहुतेक शोधण्यात. जोडायला काहीच लागला नाही.

सगळं जोडून कोड क्लिअर केले. मल्टिमीटर मिनिमम-मॅक्सिममवर लावून फॅन लागेपर्यंत इंजिन चालवलं, कव्हर हलवलं. किमान ४.९७, कमाल ४.९९.

१६ नोव्हेंबर

तिन्ही कोड परत आलेले नाहीत. पिकअप जात नाही, एसी चालू आहे. पण पेंडिंगमध्ये नवा कोड: पी०१७१, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. लाइट अजून लागलेली नाही. हा कोड साधारणपणे सलग दुसऱ्या फेरीत दोष दिसला की मगच लाइट लावतो.

ट्रिम बघितले. आयडलिंगला लाँग टर्म (इसीएमने शिकलेला ट्रिम) अधिक १९ ते २१ टक्के. २,५०० आरपीएमवर अधिक १४. चढावर, जोर लावताना, अधिक ८.

आयडलला जास्त आणि जोरात कमी हा आकृतिबंध दिसला की व्हॅक्यूम लीक, म्हणजे इनटेकमध्ये फटीतून शिरणारी हवा, असं सगळीकडे सांगतात. धूर सोडायचं यंत्र मागून आणलं, इनटेकमध्ये धूर भरला. दुपार गेली. धूर कुठूनही बाहेर आला नाही. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर गरम इंजिनवर फवारून लीक शोधणारे असतात. ते करू नका, आग लागते.

रात्री विचार करताना २ तारखेची ओळ आठवली: या गाडीत एअर फ्लो मीटर नाही. लीकमधून आलेली हवा मीटरला चुकवून जाते म्हणून मिश्रण पातळ होतं, पण ते मीटरवाल्या गाडीत. इथे लीक झाली तर मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, मॅप तो वाढलेला दाब वाचतो आणि पेट्रोलही त्या प्रमाणात वाढतं. अशा गाडीत लीक झाली तर आयडलचे आरपीएम चढे राहायला हवेत. ते नेमके बरोबर आहेत.

१७ नोव्हेंबर

ऑक्सिजन सेन्सर खरं बोलतोय का: एकदम रेस दिल्यावर ०.८ व्होल्टच्या वर, रेस सोडल्यावर ०.१ च्या खाली. हालचाल चपळ. सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरच्या पाइपला, मॅनिफोल्डच्या गॅस्केटला गळती नाही. पेट्रोलचा दाब गेज लावून मोजला, मॅन्युअलच्या मर्यादेत.

उरला मॅप. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणून मॅपने हवेचा दाब दाखवायला हवा. स्कॅनरवर ९४ किलोपास्कल. फोनमधल्या बॅरोमीटरवर १,००२ हेक्टोपास्कल, म्हणजे १००.२ किलोपास्कल. सहाचा फरक.

ताडून बघताना हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा घेऊ नका. तो समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. उंचावरच्या गावी खरा दाब त्याहून कमी असतो, दर शंभर मीटरला ढोबळमानाने १.१ ते १.२ किलोपास्कलने. फोनमधला बॅरोमीटर तिथल्या तिथला दाब देतो.

सहाच्या फरकाचा हिशेब केला. आयडलला खरा दाब ३४ धरला तर सेन्सर सांगतो २८. ३४ भागिले २८, म्हणजे इसीएमला २१ टक्के पेट्रोल जादा द्यावं लागतं. ५० ऐवजी ४४ असेल तर १४ टक्के. ८० ऐवजी ७४ असेल तर ८. तीन ठिकाणचे ट्रिम या तीन आकड्यांवर जवळजवळ जाऊन बसतात. व्हॅक्यूम लीकसारखा दिसणारा आकृतिबंध, कारण मात्र कायम सहाने कमी बोलणारा सेन्सर.

सेन्सरवर ठपका ठेवण्याआधी त्याच्या तारा: कपलर लावलेला असताना मागून पिन घालून पुरवठा ४.९८, अर्थमध्ये ११ मिलिव्होल्ट. दोन्ही उत्तम. मग सेन्सरच खोटं बोलतोय.

हा गॅरेजमध्ये घातलेला नवा सेन्सर. सहाचा फरक एवढा लहान की पी०१०७ च्या मर्यादेत बसत नाही, म्हणून त्याच्या नावाने कोड नाही. आणि पाच व्होल्टचा दोष हजर असताना मिश्रणाची तपासणी बाजूला पडत होती, म्हणून पी०१७१ इतके दिवस दिसला नाही. पाच व्होल्ट सुधारल्यावर तो वर आला.

डिकीतला जुना सेन्सर काढला. नळी आणि ओ-रिंग तपासून बसवला. चावी ऑन: १०० किलोपास्कल.

मला याचा राग येतो. चांगला सेन्सर काढून खोटा बसवला गेला, त्याचे पैसे घेतले गेले, आणि एक दुखणं असलेल्या गाडीत दोन झाली. कपलर काढून पाच व्होल्ट मोजायला मिनिटभर लागतं. दोष त्या क्षणी हजर नसता तरी तीन कोड एकत्र आहेत हे स्क्रीनवर लिहिलेलं होतं.

२३ नोव्हेंबर

शिकलेले ट्रिम पुसायला कोड क्लिअर केले होते. आता आयडलला लाँग टर्म अधिक २, २,५०० ला अधिक १, चढावर उणे १. आयडलला मॅप ३४ ते ३५.

रेडिनेस मॉनिटर: कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर, सगळे पूर्ण. इव्हॅप (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची तपासणी) बाकी आहे. त्याला रात्रभर थंड झालेलं इंजिन लागतं आणि टाकी ना भरलेली ना रिकामी. आज टाकी काठोकाठ भरलेली आहे. पेट्रोल थोडं उतरलं की तो आपोआप चालेल. तोपर्यंत थांबा आणि मध्ये काही क्लिअर करू नका.

फांदी पुन्हा उघडून पाहिली. रबराची किनार जागेवर आहे, हार्नेस तिला टेकत नाही. पुढच्या सर्व्हिसला एअर फिल्टरचा डबा काढाल तेव्हा खालच्या क्लिपवर एकदा हात फिरवा, असं भावाच्या सर्व्हिस वहीत लिहून ठेवलं आहे. मॅपचा बदली सेन्सर डब्यात घालून वर मार्कर पेनाने ‘सहा किलोपास्कल कमी दाखवतो, वापरू नये’ असं लिहिलं.